संथपणाचे निदान

(देवनहळ्ळी येथील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूर मराठी माणसाला परके राहिलेले नाही. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि चकोत्याची फळे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या देवनहळ्ळीलगत २००८ साली विमानतळ सुरू झाला आणि या परिसराचे रूप पालटले. शाळेच्या ज्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या व्यवसायाने या बाजूस आणले, त्यांचे हात दिवसभर एका साधनावर चालतात: कोड एडिटर. सुताराला रंधा, तसा प्रोग्रामरला एडिटर. हे साधन संथ झाले तर दोष कोठे आहे हे कसे शोधावे, हा आजचा विषय आहे.

एडिटर अडखळू लागला की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: संगणक जुना झाला, नवा घ्यावा. ज्या घरात एकाच जुन्या लॅपटॉपवर मुलगी प्रोग्रामिंग शिकत असते, तेथे हे वाक्य फार महाग पडते. नवे यंत्र परवडत नाही, जुने चालत नाही, आणि हळूहळू तिला वाटू लागते की आपल्यालाच हे जमत नाही. म्हणून निष्कर्षाआधी निदान हवे.

चांगला वैद्य आधी विचारतो, "नेमके कोठे दुखते?" येथेही प्रश्न तोच. एडिटर उघडताना वेळ लागतो, अक्षर उमटताना लागतो, की शोध घेताना? एकच फाइल त्रास देते की सगळ्या? व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ साली जाहीर झालेला आणि आज सर्वत्र वापरात असलेला एडिटर घेतला, तर त्यात ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ नावाची खिडकी आहे. कोणती प्रक्रिया किती मेमरी आणि किती प्रोसेसर व्यापते, हे तेथे आकड्यांत दिसते. आकडा समोर आला की तर्काला लगाम बसतो.

पुढचा संशय एक्स्टेन्शनांवर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या सोयींवर. सर्व एक्स्टेन्शन बंद करून एडिटर चालवावा. तो चपळ झाला, तर दोष त्यांच्यापैकी कोणात तरी आहे. पण बत्तीसांतील कोणात? एकेक तपासण्याऐवजी निम्मी बंद करावीत; त्रास थांबला तर दोषी बंद केलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत. बत्तीसाचे सोळा, सोळाचे आठ, असे करत पाच फेऱ्यांत एक नाव उरते. ही सोय या एडिटरमध्येच ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ या नावाने आहे. मात्र दोन एक्स्टेन्शनांच्या भांडणातून त्रास होत असेल, तर ही रीत चकवते. म्हणून सापडलेले एकटे बंद करून पुन्हा खात्री करावी.

कधी दोष मुळातल्या रचनेत असतो. एका वापरकर्त्याची अवघी ३५ मेगाबाइटची फाइल या एडिटरला उघडता येईना. तपासात कळले, की तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसाठी एडिटर ४० ते ६० बाइट वेगळे खर्च करत होता. सारा मजकूर ३५ मेगाबाइटचा आणि त्याची नोंदवही सुमारे ६०० मेगाबाइटची! २०१८ साली कर्त्यांनी ओळींची यादी टाकून मजकुराच्या तुकड्यांचा वृक्ष रचला. अधिक वेगवान भाषेत लिहिण्याचा प्रयोगही त्यांनी केला होता. पण दोन भाषांमध्ये मजकुराची ने-आण करण्यातच मिळालेला वेग खर्ची पडला. मोजमाप केले म्हणूनच हे उमगले.

दुसरे उदाहरण २०२१ सालचे. कंसांच्या जोड्या रंगवणारे एक लोकप्रिय एक्स्टेन्शन होते. बेचाळीस हजारांहून अधिक ओळींच्या फाइलच्या आरंभी एक कंस टाकला, की सर्व रंग बदलायला सुमारे दहा सेकंद लागत. ते लिहिणाऱ्याला ही अडचण ठाऊक होती. पण एक्स्टेन्शनला एडिटरच्या आतली आवश्यक माहितीच मिळत नसे. तेच काम एडिटरच्या गाभ्यात नव्या रचनेने केले, तेव्हा ते एका मिलिसेकंदाच्या आत होऊ लागले. संथपणा दिसत होता एक्स्टेन्शनमध्ये. कारण होते त्याला मिळालेल्या जागेत.

पालकहो, ‘मंद’ हा शब्द शाळेच्या जगात फार सहज उच्चारला जातो. वाचताना अडखळणारे मूल कधी फळा नीट न दिसणारे असते, कधी उपाशीपोटी आलेले, कधी घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांच्यातील ने-आणीत दमलेले. यंत्राला जे निदान मिळते, ते मुलालाही मिळायला हवे: नेमके कोठे अडते ते विचारावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि फरक पडला का ते पाहावे. मूल म्हणजे यंत्र नव्हे. म्हणून तर त्याच्याबाबतीत घाईचा निष्कर्ष अधिक जपून टाळावा.

माजी विद्यार्थ्यांनो, गावाकडच्या शाळेतील एखाद्या मुलीचा जुना लॅपटॉप अडला, तर नवा घेण्याचा सल्ला देण्याआधी तिच्याशेजारी तासभर बसा. पाच फेऱ्यांत दोष सापडेल. आणि तो आपला नव्हता, हे तिला कळेल.