साका निघाला, आता गिऱ्हाइकाला काय सांगाल?

(आंबा बागायतदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मोहोर, फवारणी, फळगळ या विषयांवर आपण सकाळपासून ऐकत आहोत. मी बोलणार आहे ते पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यानंतर काय होते त्याविषयी. पूर्वी आपला संबंध दलालाच्या पट्टीपुरता असे. खाणाऱ्याने काय बोल लावले, ते आपल्या कानावर येत नसे. आता आपल्यापैकी अनेक जण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट पेट्या देतात. दलाली वाचते, पण तक्रार सरळ आपल्याच फोनवर येते. तिला उत्तर कसे द्यावे, हे मी नुकसान सोसून शिकलो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका सोसायटीत माझ्या ४० पेट्या गेल्या. चौथ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. डझनातल्या चार आंब्यांत साका निघाला होता. मी माडावर माणसे चढवून उभा होतो, घाईत होतो. म्हणालो, "हापूस म्हटला की साका आलाच. तो काय मी आत घातला?" बोलणे खोटे नव्हते. पण बाईंनी कापलेल्या फळाचा फोटो आणि माझे उत्तर, दोन्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. ज्यांचे एकही फळ वाया गेले नव्हते, त्यांनीही संध्याकाळपर्यंत पुढची मागणी रद्द केली. चार आंब्यांची किंमत ती किती! मी ४० घरे गमावली ती साक्यामुळे नव्हे, माझ्या उत्तरामुळे.

दोष आपणच आधी सांगावा

साका बाहेरून दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते. त्याला वाटते, नासका आंबा जाणूनबुजून दिला. फळ झाडावर फार तयार होऊ दिले किंवा काढलेले फळ उन्हात तापले, की साक्याचे प्रमाण वाढते. म्हणून १४ आणे तयार फळ सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर, नूतन झेल्याने देठासह काढावे आणि लगेच सावलीत ठेवावे. इतके करूनही एखाद्या फळात साका निघतोच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हा दोष झाकून ठेवला नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेली 'रत्ना' ही जात १९८१ साली दिली. मग आपण तरी गिऱ्हाइकापासून का लपवावे?

मी आता प्रत्येक पेटीत चिठ्ठी ठेवतो: "हापूसच्या काही फळांत आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो. त्याला साका म्हणतात. तो बाहेरून ओळखता येत नाही. निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवावा. तेवढी फळे पुढच्या खेपेत देऊ किंवा पैसे परत करू." खाली काढणीची तारीख, पेटी क्रमांक आणि माझा फोन नंबर असतो. हेच शब्द तक्रार आल्यावर सांगितले, तर सबब वाटते. आधी सांगितले, तर माहिती ठरते.

तक्रार आल्यावर

१) त्याच दिवशी उत्तर द्यावे. काढणीच्या घाईत फोन घेता आला नाही, तर रात्री आपण होऊन करावा. आपण गप्प राहिलो, की समोरचा त्याचा वाईटच अर्थ काढतो.

२) पहिले वाक्य दिलगिरीचे असावे. कारण नंतर सांगावे. "पण" या शब्दाने सुरुवात करू नये.

३) पेटी क्रमांक विचारून वहीत पाहावे. कोणत्या कलमाचा, कोणत्या दिवशी काढलेला माल, हे कळले तर त्याच दिवसाच्या इतर गिऱ्हाइकांनाही कळवता येते. त्यांचा फोन येण्याची वाट पाहू नये.

४) जे देणार तेच कबूल करावे, आणि तारखेसह. पेटी बदलून देतो म्हणून हंगाम उलटू दिला, तर पहिल्या चुकीपेक्षा दुसरी मोठी होते.

५) गटावर वाद घालू नये. तिथे एकच छोटा मजकूर टाकावा: काय झाले आणि आपण काय करत आहोत. बाकीचे त्या व्यक्तीशी फोनवर बोलावे.

६) घरातले कोणीही फोन उचलो, उत्तर एकच असावे. मुलगा पैसे परत देतो म्हणतो आणि बाप नाही म्हणतो, असे होऊ नये.

आरोप खोटा असेल तर

"आंबा कार्बाइडने पिकवला" असे कोणी म्हटले, की आपले डोके तापते. रागावण्यापेक्षा आपण काय केले ते सांगावे. पेंढ्यात आढी लावली असेल तर आढीचा फोटो पाठवावा, शक्य असल्यास बागेत बोलवावे. इथिलिनच्या खोलीत पिकवला असेल तर तसे स्पष्ट सांगावे. कायद्याने त्याला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, बंदी कार्बाइडला आहे. मात्र कार्बाइड खरोखर वापरले असेल, तर त्यावर कोणतेही गोड बोलणे चालणार नाही. बोलण्याला आधार कामाचाच लागतो.

नाव एकट्याचे नाही

२०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या. १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. ज्यांच्या फळात एकही अळी नव्हती, त्यांचाही माल थांबला. बंदी उठवण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला, तो नुसत्या रागाच्या पत्रांनी नव्हे. फळ ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया आणि पॅकिंग केंद्रांतील तपासणी प्रत्यक्ष दाखवावी लागली.

२०१८ साली हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या बागायतदारांचे ते सामाईक नाव आहे. पेटीच्या वरच्या थरात मोठे फळ आणि खाली लहान, किंवा बाहेरचा आंबा आणून कोकणच्या नावाने विकणे, ही एकाची हुशारी सगळ्यांना महागात पडते. तिथे दिलगिरीही कामाला येत नाही, कारण ती चूक नसून फसवणूक असते.

त्या पुण्याच्या सोसायटीत दोन हंगामांनंतर मी स्वतः गेलो. बाईंची माफी मागितली. आज तिथल्या ११ घरांत माझी पेटी जाते. बाईंचे घर त्यांत नाही. ४० ची ११ झाली, ती एका वाक्याने. येत्या हंगामात पहिली पेटी भरण्याआधी आपली चिठ्ठी लिहून तयार ठेवावी, एवढीच आपणा सर्वांना विनंती.