आते, फॉर्म भर ना!

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज बोलायचंय नर्सेसबद्दल, फिलिपिन्सहून अमेरिकेत आलेल्या नर्सेसबद्दल. तुम्ही म्हणाल, तू इंजिनिअर, तुझा काय संबंध? सांगतो.

मी जर्सी सिटीत राहतो. माझ्या वरच्या मजल्यावर एक फिलिपिनो नर्स राहते. बिल्डिंगमधले सगळे फिलिपिनो तिला 'आते' म्हणतात. तगालोग भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. मला मात्र ते आपल्या आत्यासारखंच ऐकू आलं, म्हणून मीही आते म्हणायला लागलो. आणि आत्याला आपण अगं-तुगंच करतो, म्हणून आजही तसंच बोलणार आहे. नवीन आलो होतो तेव्हा मी तापाने पडलो, तर ही बाई नाइट शिफ्ट करून आलेली, झोपायच्या आधी माझ्या दारात भांडं घेऊन उभी! आपली पेज असते ना, तसंच, पण आलं आणि चिकन घातलेलं. ते ऋण आहे माझ्यावर.

तर आतेच्या शहरातल्या फिलिपिनो नर्सेसची एक संघटना आहे. त्यांची वेबसाइट मी फुकटात सांभाळतो. गेल्या वर्षी त्यांची निवडणूक होती. उमेदवारीचा ऑनलाइन फॉर्म मीच बनवला. मुदत संपायला तीन दिवस राहिले तेव्हा मी आत जाऊन बघितलं. खजिनदार, एक अर्ज. सचिव, एक अर्ज. पुढचा अध्यक्ष, शून्य. मला वाटलं, बग आहे. दोनदा टेस्ट केलं. फॉर्म मस्त चालत होता. माणसंच भरत नव्हती.

मी वर गेलो. म्हटलं, "आते, तू का नाही भरत?" ती हसली. म्हणाली, "मी मागेच बरी रे. खुर्च्या लावते, जेवण आणते, तिकिटं विकते. माइक हातात आला की माझं इंग्लिश पळून जातं."

आता ऐका. ही बाई १८ वर्षं आयसीयूत आहे. रात्री तीन वाजता पेशंटचा श्वास अडकला की कोणी काय करायचं हे ती ठरवते. नवीन डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघतात. आणि ४० माणसांच्या मीटिंगमध्ये हात वर करायला ती घाबरते?

तिने मला एक शब्द शिकवला, 'हिया'. म्हणजे लाज, भीड, चार लोक काय म्हणतील. ओळखीचं वाटतंय ना? दुसरा शब्द 'पाकिकिसामा', म्हणजे सगळ्यांशी जमवून घेणं, उगाच पुढे पुढे न करणं. पण "त्यांचा स्वभावच तसा" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जरा खोदून विचारलं तर साधी कारणं निघाली. मीटिंग बुधवारी संध्याकाळी सातला. नाइटवाल्यांची शिफ्टही सातलाच सुरू होते! बारा तासांची ड्युटी, वर काहींची दुसरी नोकरी, गावाकडे भावंडांच्या फिया. नवीन मुलींना तर भीती, की पुढे दिसलो तर मालक काही करेल का. आणि तेच तेच जुने लोक पदावर बघून बाकीच्यांनी ठरवून टाकलेलं, हे आपलं काम नाही.

मग मी वाचायला बसलो. आणि मला कळलं की हे पद म्हणजे फक्त गाला डिनर आणि फोटो नाहीत.

फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं, तेव्हाच तिथे अमेरिकन पद्धतीचं नर्सिंग शिक्षण सुरू झालं, इंग्लिशमधून. १९४८ पासून एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅममधून नर्सेस यायला लागल्या, आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तर हजारोंनी. हॉस्पिटलांना हात हवे होते. पण संकट आलं की काय होतं बघा. १९७५ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या एका सरकारी हॉस्पिटलात पेशंटचे श्वास अचानक बंद पडायला लागले. संशय दोन फिलिपिनो नर्सेसवर गेला, फिलिपिना नार्सिसो आणि लिओनोरा पेरेझ. १९७७ मध्ये त्यांना दोषी ठरवलं. फिलिपिनो समाज त्यांच्या बाजूने उभा राहिला, पैसे गोळा केले, मोर्चे काढले. पुढे न्यायाधीशांनी नव्याने खटला चालवायला सांगितलं आणि १९७८ मध्ये सरकारने आरोपच मागे घेतले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, फिलिपिनो नर्सेसची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. फिलिपाइन नर्सेस असोसिएशन ऑफ अमेरिका.

जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर २००६ मध्ये या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला दहा फिलिपिनो नर्सेसनी एका नर्सिंग होमची नोकरी सोडली. तक्रार काय, तर भरती करताना दिलेली वचनं पाळली नाहीत. त्यांच्यावर, आणि त्यांच्या वकिलावरसुद्धा, चक्क फौजदारी खटला भरला! २००९ मध्ये वरच्या कोर्टाने तो थांबवला. करार मुदतीआधी मोडला तर २५,००० डॉलर दंड, असली कलमं असतात हो कागदांत.

आणि कोविड. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल नर्सेस युनायटेड या युनियनने अहवाल काढला. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के. कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळपास एक तृतीयांश. हा आकडा मी आतेला दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या होत्या."

माझ्याकडे पुढे बोलायला काही नव्हतं. खरं सांगू? माझं "तू लीडर आहेस, आते" वगैरे भाषण काहीच कामाला आलं नव्हतं. काम केलं ते दुसऱ्याच गोष्टींनी.

एक. संघटनेतल्या एका रिटायर्ड नर्सने तिला स्वतः फोन केला. "कोणीतरी पुढे या" असा ग्रुपवर मेसेज नाही टाकला. नाव घेऊन म्हणाल्या, "तू उभी राहा, पहिलं वर्ष मी शेजारी बसते." ग्रुपवरच्या मेसेजला सगळे अंगठा देतात. फोनवर माणसाला उत्तर द्यावं लागतं.

दोन. मीटिंग रविवारी दुपारी घ्यायची ठरली, आणि ऑनलाइन जोडायची सोय केली. एवढं माझ्या हातात होतं, ते मी केलं.

तीन. सभेचे नियम शिकवले. तिकडे ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कोणी द्यायचं, कोरम म्हणजे काय, याला रॉबर्ट्स रूल्स म्हणतात. १८७६ चं पुस्तक आहे. आम्ही त्यातल्या नेहमी लागणाऱ्या दहा वाक्यांचा एक कागद केला. इंग्लिशची भीती निम्मी तिथेच गेली, कारण भीती भाषेची नव्हतीच, "आता काय म्हणायचं असतं" याची होती.

शेवटच्या दिवशी रात्री ११:४० ला माझ्या फोनवर नोटिफिकेशन आलं. पुढचा अध्यक्ष, एक अर्ज. ब्रेकमध्ये मोबाइलवरून भरला होता तिने.

पहिली मीटिंग कशी झाली? वाईट! कागद हातात थरथरत होता, एक ठराव मतदानाला घ्यायचाच राहिला. पण संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. चार महिन्यांपूर्वी इलोइलोहून आलेली. पर्समधून घडी केलेला करार काढला आणि म्हणाली, "आते, हे जरा वाचशील का?" आधीच्या कुठल्याच मीटिंगमध्ये तिने तो बाहेर काढला नव्हता. आता तो कागद एका वकिलाकडे आहे. पुढे काय होईल माहीत नाही. पण ती एकटी नाही.

म्हणून ज्यांच्या घरातली ताई, वहिनी, मैत्रीण नर्स आहे, परदेशात असेल किंवा जायची तयारी करत असेल, त्यांना हा एपिसोड पाठवा. सांगा की बाहेरून आलेली माणसंही पुढे जातात. केरळहून ब्रिटनला गेलेले बिजॉय सेबॅस्टियन २०२५ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचे अध्यक्ष झाले. आणि ८ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमधली कोविड लसीकरण मोहिमेतली पहिली लस टोचणारी मे पार्सन्स फिलिपिनोच.

आणि मी? आमच्या इथल्या मराठी मंडळात मी चार वर्षं खुर्च्याच लावतोय. परवा आते म्हणाली, "मला फॉर्म भरायला लावलास, तुझा कुठाय?"

बघतो. म्हणजे, भरतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!