परस्परतेची दोन रूपे : ग्रीस आणि तुर्कस्तान

शेजारी राष्ट्रांच्या व्यवहारात 'परस्परता' या शब्दाला मोठे महत्त्व असते. तुम्ही आमच्या नागरिकांना ज्या सवलती द्याल, त्याच आम्ही तुमच्या नागरिकांना देऊ, असा या तत्त्वाचा साधा अर्थ होय. जकात, प्रवासाचे परवाने, वकिलातींचे हक्क इत्यादी बाबतीत ते न्याय्य आणि सोयीचे ठरते. परंतु हेच तत्त्व जेव्हा माणसांच्या राहत्या घरांना, शाळांना आणि प्रार्थनामंदिरांना लावले जाते, तेव्हा त्याचे दुसरे रूप प्रकट होते. ग्रीस आणि तुर्कस्तान या भूमध्य समुद्राकाठच्या दोन शेजाऱ्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे परस्परतेच्या या दोन्ही रूपांचा इतिहास होय.

ग्रीसचा बहुतेक प्रदेश कित्येक शतके ऑटोमन साम्राज्यात होता. १८२१ साली ग्रीकांनी स्वातंत्र्ययुद्ध पुकारले आणि १८३० साली युरोपीय सत्तांनी त्यांचे स्वतंत्र राज्य मान्य केले. तथापि नव्या राज्याच्या सीमेबाहेर, इस्तंबूल शहरात व आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, ग्रीकांची फार मोठी वस्ती उरली होती. तिला आपल्या राज्यात सामावून घेण्याची आकांक्षा धरून पंतप्रधान व्हेनिझेलॉस यांनी १९१९ साली स्मर्ना बंदरात सैन्य उतरविले. १९२२ साली मुस्तफा केमाल यांच्या सेनेने त्या सैन्याचा पूर्ण पराभव केला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात स्मर्ना शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. आज ते शहर इझमीर या नावाने ओळखले जाते. ग्रीकांच्या इतिहासात हे वर्ष महान आपत्तीचे आहे. तुर्कांच्या इतिहासात तेच स्वातंत्र्यसंग्रामाच्या विजयाचे आहे. दोन शेजाऱ्यांनी आपापले स्वातंत्र्य एकमेकांशी लढून मिळवावे, असा योग जगाच्या इतिहासात विरळाच.

या युद्धानंतर ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे दोन्ही देशांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजेने ग्रीसमध्ये जावे आणि ग्रीसमधील मुसलमान प्रजेने तुर्कस्तानात यावे, असे ठरले. ही अदलाबदल सक्तीची होती. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यांतील बहुसंख्य करारापूर्वीच जीव मुठीत धरून पळून आले होते. उलट दिशेने सुमारे ४ लाख मुसलमान गेले. ज्या ग्रीसची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ५० लाख होती, त्याच्यावर पडलेल्या या भाराची कल्पना सहज येईल. अथेन्सच्या परिसरात नेआ स्मिर्नी, म्हणजे नवे स्मर्ना, आणि नेआ इओनिया यांसारखी उपनगरे निर्वासितांनी वसविली. गमावलेल्या भूमीची नावे तेवढी त्यांना बरोबर आणता आली.

कोणी कोठे जावे हे धर्मावरून ठरले. भाषेचा विचार झाला नाही. मध्य अनातोलियातील करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत आणि तीच भाषा ग्रीक लिपीत लिहीत. ते 'स्वदेशी' ग्रीसमध्ये पोचले तेव्हा तेथील भाषा त्यांना समजेना. क्रीट बेटावरील मुसलमानांची बोली ग्रीक होती. ते तुर्कस्तानात गेले आणि तेथे परके ठरले. कागदावर दोन्ही राष्ट्रे एकजिनसी झाली. परंतु ज्यांच्यामुळे ती तशी झाली, त्या माणसांच्या नशिबी दोन्हीकडे परकेपणाच आला.

या कराराचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४० साली लिहिलेल्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात अल्पसंख्याकांच्या प्रश्नाची चर्चा करताना ग्रीस, तुर्कस्तान व बल्गेरिया यांनी केलेल्या अदलाबदलीचा दाखला दिला आहे. १९४७ साली पंजाबात जे स्थलांतर घडले त्याला असा पूर्वनियोजित करार नव्हता; म्हणून या जुन्या उदाहरणाकडे भारतीय वाचक वेगळ्याच दृष्टीने पाहतो. करार असता तर दुःख टळले असते काय, या प्रश्नाचे उत्तर लोझाननंतरच्या घटनांत शोधता येते.

इस्तंबूलमधील ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधील मुसलमान यांना अदलाबदलीतून वगळण्यात आले होते. एका समाजाला जे हक्क मिळतील ते दुसऱ्याही समाजाला मिळावेत, अशी तहात तरतूद होती. हेतू संरक्षणाचा होता. परंतु कालांतराने हे दोन्ही समाज जणू ओलीस ठरले. सायप्रसचा प्रश्न पेटला असता, ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्री इस्तंबूलमध्ये जमावाने ग्रीकांची हजारो दुकाने आणि अनेक चर्चे उद्ध्वस्त केली. १९६४ साली, पुन्हा सायप्रसच्याच निमित्ताने, तुर्कस्तानने तेथील सुमारे १२ हजार ग्रीक नागरिकांना देश सोडावयास लावले आणि त्यांच्या मागोमाग त्यांची कुटुंबेही गेली. एके काळी एक लाखाहून अधिक असलेल्या त्या समाजाचे आज काही हजारच लोक उरले आहेत. इकडे ग्रीसच्या नागरिकत्वाच्या कायद्यात 'ग्रीक वंशाचे नसलेल्या' व्यक्तीने देश सोडल्यास तिचे नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद होती. १९५५ ते १९९८ या काळात तिच्यामुळे सुमारे ६० हजार लोकांनी नागरिकत्व गमावले. त्यांत पश्चिम थ्रेसमधील मुसलमान बहुसंख्य होते. एका सरकारच्या रोषाची किंमत दुसऱ्या देशातील निरपराध शिक्षकाने अथवा दुकानदाराने द्यावी, हे परस्परतेचे पहिले रूप होय.

दुसरे रूपही याच इतिहासात आहे. ज्या व्हेनिझेलॉस यांनी स्मर्ना येथे सैन्य धाडले होते, तेच १९३० सालच्या ऑक्टोबरात अंकारा येथे गेले आणि केमाल यांच्या सरकारशी त्यांनी मैत्रीचा तह केला. तत्पूर्वी निर्वासितांच्या मालमत्तेचे दावे उभय सरकारांनी परस्परांत वळते करून मिटविले होते. ज्यांची घरे आणि शेते त्या हिशेबात बुडाली, ते निर्वासित अर्थातच संतापले. शांततेची किंमत येथेही दुबळ्यांनीच भरली, हे विसरता येत नाही. तरीही त्या तहाने जवळजवळ पंचवीस वर्षे शेजाऱ्यांत सलोखा नांदला. १९३४ साली व्हेनिझेलॉस यांनी केमाल यांचे नाव नोबेल शांतता पारितोषिकासाठी सुचविले. केमाल यांचा जन्म सालोनिका येथला. त्यांचे ते घर आज ग्रीसच्या भूमीवर तुर्की वकिलातीच्या आवारात जतन केलेले आहे.

१९४१ साली जर्मन आणि इटालियन फौजांच्या ताब्यातील ग्रीसमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी तुर्कस्तानातून 'कुर्तुलुश', म्हणजे 'मुक्ती', नावाचे जहाज धान्य घेऊन पिरेअस बंदरात आले. त्याने अनेक फेऱ्या केल्या आणि जानेवारी १९४२ मध्ये मार्मारा समुद्रात ते बुडाले. तेव्हा ते काम दुसऱ्या जहाजाकडे सोपविण्यात आले.

राजकारण्यांनी आखलेल्या सीमा संस्कृतीने फारशा मानल्या नाहीत. तुर्की भाषेतील किल्ली आणि बंदर यांचे शब्द ग्रीक भाषेतून आलेले आहेत. ग्रीक भाषेतील खिशाचा शब्द तुर्कीतून गेलेला आहे. तुर्कांच्या छायानाट्यातील विनोदी नायक कारागोझ हा ग्रीसमध्ये कारागिओझिस झाला आणि अस्खलित ग्रीक बोलू लागला. स्मर्नाच्या निर्वासितांनी आपली वाद्ये व गाणी पिरेअसच्या वस्त्यांत आणली आणि तेथे रेबेतिको हा गानप्रकार बहरला. तांब्याच्या छोट्या भांड्यात उकळलेली कॉफी दोन्हीकडे तीच. परंतु सायप्रसवर १९७४ साली तुर्की सैन्य उतरल्यानंतर ग्रीसमध्ये तिला कटाक्षाने 'ग्रीक कॉफी' म्हटले जाऊ लागले. पुढे ग्रीक संगीतकार मिकिस थिओडोराकिस आणि तुर्की गायक झुल्फू लिव्हानेली यांनी एकत्र जलसे केले. थिओडोराकिस यांची माता आशिया मायनरमधील चेश्मे गावची होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९९९ सालच्या आरंभी उभय देशांचे संबंध अत्यंत ताणलेले होते. तरीही जॉर्ज पापान्द्रेऊ आणि इस्माईल जेम या परराष्ट्रमंत्र्यांनी पत्रव्यवहार सुरू केला होता. अशा वेळी १७ ऑगस्ट रोजी तुर्कस्तानात इझमीतजवळ भूकंप होऊन १७ हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि ग्रीक बचावपथके तातडीने धावून गेली. ७ सप्टेंबरला अथेन्सला धक्का बसला; तेथे १४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि तुर्की पथके मदतीस आली. त्याच डिसेंबरात हेलसिंकी येथे ग्रीसने तुर्कस्तानच्या युरोपीय संघातील उमेदवारीला असलेला आपला विरोध मागे घेतला. हा भूकंपाचा चमत्कार होता असे म्हणणे बरोबर नाही. मंत्र्यांनी वाट आधी खोदून ठेवली होती, म्हणूनच लोकांच्या सहानुभूतीचा ओघ तिच्यातून वाहू शकला.

मूळ वाद मात्र मिटलेले नाहीत. सायप्रस दुभंगलेलेच आहे. एजियन समुद्रात समुद्रबूड जमिनीची हद्द कोठे धरावी, यावर एकमत नाही. ग्रीसने आपला प्रादेशिक समुद्र सहा मैलांवरून बारा मैलांपर्यंत वाढविल्यास ते युद्धाचे कारण मानू, असा ठराव तुर्की संसदेने १९९५ साली केला. १९९६ साली एका निर्जन खडकावरून आणि २०२० साली समुद्रतळाच्या संशोधनावरून आरमारे समोरासमोर आली. तथापि फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात महाभूकंप झाला, तेव्हा ग्रीक पथके पुन्हा ढिगारे उपसू लागली; आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी अथेन्स येथे मैत्री व सुशेजाराचा जाहीरनामा निघाला. त्यानंतर २०२४ साली काही ग्रीक बेटांवर तुर्की पर्यटकांना बंदरावरच सात दिवसांचा परवाना देण्याची सोय सुरू झाली. त्यांतील कास्तेलोरिझो हे बेट तुर्की किनाऱ्यापासून अवघ्या दोन किलोमीटरांवर आहे.

अशा सोयीने सागरी सीमेचा तंटा सुटत नाही, हे खरे. परंतु तंटा सुटेपर्यंत माणसांना वेठीस धरावयाचे, की तंटा शिल्लक असतानाही त्यांची येजा चालू ठेवावयाची, याचा निर्णय दरवेळी सरकारांच्याच हाती असतो. १९२३ सालच्या मुत्सद्द्यांना वाटले की माणसे वेगळी केली म्हणजे कलह संपेल. माणसे वेगळी झाली, कलह मात्र राहिला. आणि जेव्हा जेव्हा तो निवला, तेव्हा तेव्हा कोणीतरी परतफेडीची अट न घालता पहिले पाऊल टाकलेले आढळते.