पानाच्या पोटातला शब्द



आमचं घराणं मूळचं पिंजाऱ्याचं. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत कापूस पिंजण्यात, गाद्या भरण्यात आजोबांची हयात गेली. मी अमरावतीला आलो, बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. आमची पिंजण माळ्यावर गेली.

ती आठवली पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा काय, वडील काय, दोघांनीही शाळा पाहिली नव्हती. उरलं फक्त कोतवाल बुक, म्हणजे आपल्या वऱ्हाडातली गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही.

कचेरीतल्या बाईंनी संगणकावर पान काढलं. वडिलांची जन्मतारीख होती, आजोबांचं नाव होतं. जातीचा रकाना मात्र काळा! जाड वही पुरती न उघडताच फोटो काढलेला. रकाना शिवणीच्या पोटात गेला होता.

"चाचा, दिसते तेवढ्याचीच नक्कल देता येते," बाई म्हणाल्या.

मूळ वही कुठं आहे? नष्ट करायच्या गठ्ठ्यांत! एका जुन्या शिपायानं ती शोधून काढली, दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. आत शाईचा एक शब्द होता : पिंजारी.

संगणकाशी माझं वैर नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कागद किती सहज जळतो ते साऱ्यांनी पाहिलं. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो. सगळंच जपा, असंही मी म्हणत नाही. सरकारी नियमातच 'अ' वर्गाचा कागद कायमचा आणि 'ड' वर्गाचा वर्षभराचा आहे.

पण कोणता कागद उद्या लागेल, हे आज कोण सांगणार? 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दूतली जुनी दप्तरं सोडावी लागली. ती वाचणारी माणसंही शोधावी लागली.

म्हणून एवढंच मागणं आहे. फोटो आणि मूळ पान जाणत्या माणसानं शेजारी ठेवून ताडून पाहावं. तोवर गठ्ठा हलवू नये.

पुतणीचा दाखला निघाला. ती वही कपाटात गेली की परत गठ्ठ्यात, ते विचारायला मी येत्या सोमवारी अकोल्याला जाणार आहे.