तरंगलांबी: हवेतली आणि पाण्यातली



वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते, हे सूत्र बहुतेकांना पाठ असते. हेब्बाळ तलावाच्या काठी ३४० हर्ट्झचा स्वर वाजला, तर हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरून त्याची तरंगलांबी एक मीटर भरते. तोच स्वर पाण्यात शिरला तर? येथे अनेकांची लेखणी पुन्हा ३४०कडेच वळते. वस्तुतः वारंवारता ध्वनीचा उगम ठरवतो. ती बदलत नाही. वेग मात्र माध्यमाचा. पाण्यात तो सुमारे १४८० मीटर, म्हणून तरंगलांबी सव्वाचार मीटरांहून अधिक. हा भेद न उमगता मिळालेले पैकीच्या पैकी गुण फसवेच म्हणायचे.

ही लांबी प्रकाशानेही मोजता येते. श्राव्यातीत ध्वनीमुळे द्रवात दाट-विरळ थर पडतात आणि त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचे विवर्तन होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६मध्ये बेंगळुरूतच त्याचे गणित मांडले. (रामन यांची संशोधनसंस्था हेब्बाळच्याच वाटेवर आहे.) दहा लाख हर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी जेमतेम दीड मिलिमीटर. ती जितकी लहान, तितके पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपके एकमेकांपासून दूर. मुले अडखळतात ती नेमकी या उलट्या नात्यापाशी.