कोलेस्टेरॉलची गोळी : घ्यावी की न घ्यावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वैद्यकावर बोलण्यास मंडळाने आम्हांस उभे करावे, हा आमचा गौरव की मंडळाची अडचण, हे ठरविणे कठीण आहे. आम्ही बी. ए. झालेले आणि केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर टिपणे लिहिण्यात तीस वर्षे घालविलेले गृहस्थ. परंतु हा विषय आम्ही स्वतःहून मागून घेतला. त्याचे कारण घरचे आहे आणि त्यात आमची चूक आहे. म्हणून ते आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी तपासणीत आमचे कोलेस्टेरॉल २४२ निघाले. डॉक्टरांनी रोज रात्री घ्यावयाची एक गोळी लिहून दिली आणि सकाळी चालावयास सांगितले. आम्ही दोन्ही एकदमच सुरू केले : पहाटे महामहम तलावाभोवती फेऱ्या, रात्री गोळी. पंधरा दिवसांत पोटऱ्या दुखू लागल्या. कोणीसे म्हणाले, या गोळीने स्नायू झिजतात, यकृत जाते. आम्ही गोळी बंद केली. डॉक्टरांना कळविले नाही, घरीही बोललो नाही. सांगितले ते फक्त तंजावरला असलेल्या आमच्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, तेही फुशारकीने. अण्णांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि तीच गोळी ते सहा वर्षे घेत होते. "तू सोडलीस ना? मग मीही सोडतो," असे ते म्हणाले, आणि आम्ही हसलो. सात महिन्यांनी त्यांना दुसरा झटका आला. ते वाचले, पण आता देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये दोनदा बसतात.

गोळी सोडल्यामुळेच हे झाले काय, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. एका माणसापुरते तसे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. या उत्तराने आम्हांला हायसे वाटावयास हवे होते, वाटले नाही. तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्त, कित्येक अंतःस्राव यांना ते लागते, आणि त्याचा मोठा भाग आपले शरीर स्वतःच तयार करते. ते रक्तातून वाहून नेणारे, डॉक्टर ज्यांना एलडीएल म्हणतात ते कण वाजवीपेक्षा अधिक झाले की रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागतात. हा साका वर्षानुवर्षे वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. एखाद्या दिवशी तो फुटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच ज्याला काहीही होत नाही अशा माणसाच्या हातीही डॉक्टर चिठ्ठी देतात.

भाताच्या प्रदेशात राहणाऱ्या आपणांस मौज वाटेल, की या औषधाचा माग तांदळातच लागला. जपानच्या अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या. १९७३ च्या सुमारास क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या बुरशीत त्यांना हवा तो पदार्थ सापडला. यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याची क्रिया तो रोखतो. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातले एलडीएल ओढून घेते. या जातीचे पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाले.

पण रक्तातला आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला, असे थोडेच आहे? त्यासाठी रोग्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आपल्या तंजावरला हे नवे नाही. सरफोजी महाराजांच्या धन्वंतरी महालात रोग्यांची टिपणे ठेवीत. महाराजांच्या काळच्या नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी सरस्वती महालात जपलेल्या आहेत. तीच रीत आता हजारोंच्या संख्येने चालते.

स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी दिली. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात निरौषधी गोळीवरच्या २,२२३ पैकी २५६ जण दगावले, औषधावरच्या २,२२१ पैकी १८२. म्हणजे शंभरांत सुमारे बारांऐवजी आठ. चार वाचले, अठ्ठ्याऐंशी गोळीवाचूनही जगलेच असते, आणि आठ गोळी घेऊनही गेले. ते चार कोण, हे कोणालाच दाखविता येत नाही. डॉक्टरांच्या उत्तराचा अर्थ आम्हांला येथे कळला.

पुढल्याच वर्षी स्कॉटलंडमधील ६,५९५ पुरुषांचा अहवाल आला. यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले होते, पण झटका कधी आलेला नव्हता. सुमारे पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू, असे प्रसंग प्रव्हास्टॅटिन न घेणाऱ्या निम्म्यांत २४८ आणि घेणाऱ्या निम्म्यांत १७४ घडले. हजारांत सुमारे ७५ ऐवजी ५३.

दोन्हीकडे घट शेकडा तीसच्या आसपासच. पण तीस टक्के कशाचे? आम्हां नोकरदारांना हे सांगावयास नको. महागाई भत्ता सर्वांना सारख्याच टक्क्यांनी वाढतो. हाती पडते ते मूळ वेतनाप्रमाणे. अण्णांच्या धोक्याचे 'मूळ वेतन' मोठे होते, आमचे लहान. आमच्यासाठी हा प्रश्न तरी होता; अण्णांसाठी तो फारसा नव्हताच. आणि आम्ही आमचे उत्तर त्यांच्या हाती दिले.

आता दुसरी बाजू. स्नायूंची खरी नासाडी क्वचितच होते, पण होते. सेरिव्हास्टॅटिन हे याच जातीचे औषध त्यापायी २००१ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. २०१० मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतल्यास मधुमेहाचा एक रोगी जास्त होतो असे दिसले. यकृताला गंभीर इजा विरळाच. इतर काही औषधांशी या गोळ्यांचे पटत नाही, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. गरोदर स्त्रियांना त्या सहसा देत नाहीत.

दुखण्याची गोष्ट मात्र विलक्षण आहे. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना इंग्लंडात वर्षभर काही महिने औषध, काही महिने निरौषधी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. २०२० मधील निष्कर्ष असा, की औषधाने जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के निरौषधी गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता. त्याचे पितृत्व बहुतेक वेळा चुकीच्या माथी मारले जात होते.

शेवटी आम्ही डॉक्टरांपुढे सर्व कबूल केले. त्यांनी एकच विचारले, "चालणे कधी सुरू केलेत?" आम्ही गप्प! तीस वर्षे खुर्चीत बसलेल्या पोटऱ्या तलावाच्या फेऱ्यांनी दुखणार नाहीत तर काय? मग त्यांनी आमचे वय, रक्तदाब, साखर आणि अण्णांचा इतिहास मांडून हिशेब केला, आणि कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू केली. पोटऱ्या दुखल्या नाहीत. गोळी नको असती तर तसे सांगण्याची मुभाही त्यांनी दिली होती. फाईल परत पाठवावयाची तर कारण लिहावे लागते. ती खणात दडवून ठेवता येत नाही, एवढे तरी आम्हांला कळावयास हवे होते.

हे भाषण आम्ही अण्णांना आधी वाचून दाखविले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली : पायऱ्या चढताना ते दोनदा बसत नाहीत, एकदाच बसतात.