कॉलेज कोणाचे, फी कोणाची?

(वसई-विरारकडील वाडीवाल्या, मिठागरवाल्या व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या नाक्यानाक्यावर रंगीत फलक झळकू लागतात. अमुक युनिव्हर्सिटी, तमुक युनिव्हर्सिटी. खाली हिरवळ, मागे काचेची इमारत आणि हसरी मुले. मग घरोघरी रात्री मसलत बसते की वाडीतले पाच गुंठे काढावे की बायकोचे डाग मोडावे. ह्या मसलतीत आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

कॉलेज ही वस्तू वसईला नवी नव्हे. किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांच्या देवळाच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्या देवळाला लागूनच सोळाव्या शतकात त्यांचे विद्यालय होते. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ह्याच पाद्र्यांच्या हाताखाली शिकला. बाप पोर्तुगीज, आई इकडची. पोरगा हुशार. जपानात गेला, तिकडची भाषा शिकला, पाद्र्यांचे काम त्याने कित्येक वर्षे इमानाने केले. परंतु त्यांच्या संघात त्याला घेतले नाही ते नाहीच. विद्या दिली, पण पंगतीला पाट मांडला नाही! पुढे फ्रान्सिस्कन मंडळींनी त्याला 'बंधू' म्हणून घेतले. 1597 साली नागासाकीस तो क्रुसावर गेला आणि 1862 साली रोमने त्याला संत ठरविले. आज वसईत 1984 पासून त्याच्या नावाचे कॉलेज चालते. हयातीत दार लावावे आणि पुढे दारावर नाव लिहावे, ही जगाची जुनीच रीत आहे.

1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. राज्य पालटले, तरी वाडीत पाणी शिंपणाऱ्याच्या पोरासाठी कॉलेज काही निघाले नाही. इंग्रज आला, 1857 साली मुंबईत विद्यापीठ स्थापन झाले. 1867 साली विरारहून मुंबईला आगगाडी सुरू झाली. त्या गाडीने आपली केळी, भाजी, फुले आणि पाने मुंबईला नेली, आणि ज्या थोड्या मुलांस बी. ए. व्हायचे होते तीही टोपल्यांच्या शेजारी बसून त्याच गाडीने गेली. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे साफ मांडले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यातून वरच्या शिक्षणाची चैन मात्र वरच्या वर्गांची. वसईच्या माळ्याला, आगऱ्याला, कोळ्याला हे पुस्तकात वाचण्याची गरज नव्हती. तो ते रोज फलाटावर पाहत होता.

गाडी आली त्याला एकशेचार वर्षे झाली तेव्हा, म्हणजे 1971 साली, वसई रोड स्टेशनाजवळ अण्णासाहेब वर्तक कॉलेज उभे राहिले. अण्णासाहेब म्हणजे गोविंद धर्माजी वर्तक. आपल्याच वाडवळ समाजातले, 1946 च्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मंत्री झालेले. त्यांचे चिरंजीव हरी गोविंद ऊर्फ भाऊसाहेब वर्तक ह्यांच्या विद्यावर्धिनी संस्थेने हे कॉलेज काढले. 1994 साली त्याच संस्थेचे इंजिनियरिंग कॉलेज निघाले. विरारकडे ठाकूर मंडळींच्या ट्रस्टची कॉलेजे निघाली. ह्या साऱ्या संस्था खाजगीच आहेत. तेव्हा 'खाजगी' हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये. प्रश्न एवढाच की दार कोणासाठी उघडे आहे.

ह्या कॉलेजांतले दिवस काचेच्या इमारतीसारखे चकचकीत नाहीत. सकाळच्या वर्गाला येणाऱ्या किती पोरांच्या बोटांना मोगऱ्याच्या कळ्या खुडून आल्याचा वास असतो! अर्नाळ्याची पोर मासळीची टोपली आईच्या डोक्यावर देऊन बस पकडते. नालासोपाऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. तिथल्या पोराला परीक्षेच्या दिवसांत कॉलेजचे वाचनालय हीच एक शांत जागा. कोणी दुपारी दुकानात हिशेब लिहितो, कोणी बापाबरोबर रंधा धरतो. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले सात दिवसांच्या शिबिरास एखाद्या पाड्यावर जातात. वारल्याच्या अंगणात जेवून आली की त्यांची भाषा जरा मऊ झालेली दिसते. एक गोष्ट मात्र आम्हांस सलते. वाडवळी, कादोडी, कोळी बोलणारी मुले कॉलेजच्या फाटकात शिरली की आपली बोली खिशात घालतात. अहो, ह्याच सोपाऱ्यात अशोक राजाने दगडावर लेख कोरविला तो लोकांच्या प्राकृतात! त्या आठव्या लेखात राजा शिकारीची सहल सोडून गावच्या माणसांच्या भेटीला जातो, त्यांची विचारपूस करतो. 1882 सालीच भगवानलाल इंद्रजींना त्याचा तुकडा सोपाऱ्यास सापडला. राजाला लाज वाटली नाही, मग तुम्हांला का वाटावी?

आता खाजगी विद्यापीठ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले असते. परीक्षा आणि पदवी त्या विद्यापीठाची. खाजगी विद्यापीठ स्वतंत्र कायद्याने होते. पदवी त्याची त्यानेच द्यायची, खर्च त्याचा त्यानेच काढायचा, म्हणून त्यास 'स्वयंअर्थसहाय्यित' म्हणतात. ती सारीच वाईट असे आम्ही म्हणत नाही. पुण्याजवळ औंधला ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती मंडळींचे स्पायसर आहे. 1915 साली कोईमतूरला एक शाळा म्हणून निघाले, 1942 साली पुण्यास आले, 2014 च्या कायद्याने विद्यापीठ झाले. तिथल्या मुलांनी बेकरीत पाव भाजून फी भागवली. स्पायसरचा पाव पुणेकर आवडीने खात आले आहेत. साताऱ्यास कर्मवीर भाऊरावांनी 1947 साली शिवाजी कॉलेज काढले तेही 'कमवा व शिका' ह्याच पायावर. कणीक मळणाऱ्या हाताला पदवी मिळते, हे दोन्हीकडे दिसले. फलकावरच्या किती विद्यापीठांत असा कणकेचा हात दिसेल, ते तुम्हीच जाऊन पाहा.

आणि आता पैशाची गोष्ट, ती विशेषतः आयाबहिणींनी ऐकावी. 8 जुलै 2024 रोजी राज्य सरकारने ठराव काढला. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग किंवा आर्थिक दुर्बल घटक ह्यांतील मुलगी, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, आणि व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश सरकारच्या सामाईक प्रक्रियेतून, जिला मुले 'कॅप' म्हणतात. अशा मुलीची शिकवणीची व परीक्षेची फी पूर्ण माफ. पूर्वी निम्मी माफ होती. अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती वेगळ्या आहेत. कॉलेज विनाअनुदानित असले तरी ही माफी चालते. परंतु त्याच ठरावात खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेलाही माफी नाही. म्हणजे तीच मुलगी, तेच मार्क, तोच विषय. एका फाटकातून गेली तर शिकवणीची फी सरकार भरते, दुसऱ्या फाटकातून गेली तर बापाचा सातबारा भरतो. ही गोष्ट फलकावर कोणी लिहीत नाही!

वाडी एकदा गेली की परत येत नाही, हे वसईकरांस दुसऱ्याने सांगायला नको. विहिरी बुजल्या, केळीच्या बागांवर इमारती आल्या. 'हरित वसई'च्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर ज्यांचे वडील उभे राहिले, त्यांच्या घरी आज फीपायी जमिनीचा व्यवहार व्हावा काय? पदवी घेऊन पोर घरी येईल तेव्हा त्याला पाय टेकायला गुंठा तरी राहिला पाहिजे.

तेव्हा प्रवेशाचे पैसे मोजण्यापूर्वी त्या संस्थेकडून लेखी मागा की पदवी कोणाची, सरकारी फीमाफी लागू की नाही, आणि चारही वर्षांची मिळून फी किती. तोंडी सांगितलेले धरू नका. दलाल 'आज भरा, उद्या जागा जाईल' म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर किंवा आर्थिक दुर्बलतेचा दाखला ह्यांच्यासाठी जूनमध्ये तहसील कचेरीत रांग लागते. कागद आधीच लावा. मुलीचे दाखले मुलाच्या आधी काढा, कारण सवलत तिची मोठी आहे. आणि ज्यांच्या हाती कसला छापील फॉर्म आला असेल आणि त्यातले इंग्रजी उमगत नसेल, त्यांनी सभा उठल्यावर जाऊ नये. आम्ही इथेच बसलो आहो. ओळ न् ओळ वाचून सांगू.